वाकनिसांचे दफ्तर कोणी तपासावे?

माननीय सभापती,
महाराष्ट्र विधान परिषद,
विधान भवन, मुंबई
यांस,

सभागृहाच्या अध्यासनावर विराजमान असलेल्या व्यक्तीला कोणा अपरिचित नागरिकाने असे चव्हाट्यावर पत्र लिहावे, हा शिष्टाचाराचा भंग आहे हे मला ठाऊक आहे. तरीही तो मी करीत आहे, याचे एक कारण असे की आपण आमच्या जिल्ह्याचे, जामखेड तालुक्यातल्या चोंडीचे, म्हणजे ज्या गावी अहिल्याबाईंचा जन्म झाला आणि ज्या गावच्या लेकीचे नाव आता या जिल्ह्याने धारण केले आहे त्या गावचे. आणि दुसरे असे की आजच्या पदावर येण्यापूर्वी आपण गृहखात्याचे राज्यमंत्रिपद सांभाळले असल्यामुळे, ज्या दालनाच्या दारावर ‘गोपनीय’ अशी पाटी असते त्याची आतली बाजूही आपण थोडीफार पाहिलेली असणार. माझा विषय त्याच दालनाचा आहे. राज्याच्या गुप्तवार्ता विभागाच्या कामाची, एखाद्या आपत्तीची वाट न पाहता, ठरावीक मुदतीने आणि शासनाबाहेरच्या कोणी तरी तपासणी करावी की नाही, एवढाच प्रश्न मला आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

हा प्रश्न माझ्या मनात शिरला तो आमच्या भुईकोट किल्ल्याच्या वाटेने. ९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत पहाटे धरपकड होऊन काँग्रेसच्या कार्यसमितीचे जे सदस्य नगरला आणण्यात आले, त्यांत जवाहरलाल नेहरू होते, वल्लभभाई होते, मौलाना आझाद होते, आचार्य नरेंद्र देव आणि आपले शंकरराव देवही होते. एकंदर बारा असामी. त्यांना कोठे ठेवले आहे याचा उच्चार सरकारने केला नाही, घरच्या मंडळींनाही ठिकाण कळविले नाही, आणि आरंभी तर पत्रव्यवहारही बंद होता. एवढ्या कडेकोट गुप्ततेत ठेवलेल्या या बंदिवानांची वार्ता बाजारात यावयास फार दिवस लागले नाहीत, असे आमच्या घरातील वडीलधारी मंडळी सांगत. भाजी, दूध आणि किराणा किल्ल्यात किती जातो याचा हिशेब ज्या गावाला असतो, त्या गावापासून किल्ल्यातील माणसे लपवायची कशी? पण याहून मौजेची गोष्ट पुढेच आहे. ज्या शहराच्या तटबंदीआड ही बारा माणसे दडवून ठेवण्यासाठी साम्राज्याने इतकी यातायात केली, त्याच शहरात १९०५ साली जन्मलेले अच्युतराव पटवर्धन त्याच ऑगस्टपासून भूमिगत झाले, पत्री सरकारच्या सातारा जिल्ह्यात वावरले, मुंबईत वावरले, आणि १९४६ साल उजाडेपर्यंत सरकारच्या हेरांना सापडले म्हणून नाहीत. त्यांच्याही पूर्वी पारनेरचे पांडुरंग महादेव बापट, पुढे ज्यांना लोक सेनापती म्हणू लागले ते, युरोपातून बॉम्बची विद्या घेऊन परतल्यावर काही वर्षे असेच अज्ञातवासात राहिले होते. म्हणजे गुपित राखण्यातही साम्राज्य उणे पडले आणि गुपित काढण्यातही.

त्या अपयशाचा जाब साम्राज्याच्या गुप्त खात्याला कोणी विचारला असेल तर तो दिल्लीत व लंडनमध्ये, बंद दाराआड. प्रजेने विचारण्याचा प्रश्नच नव्हता, कारण ते खाते प्रजेसाठी नव्हतेच, प्रजेवर होते. १८८७ साली ज्या शाखेची मुहूर्तमेढ रोवली गेली तीच आजची आपली केंद्रीय गुप्तवार्ता संस्था. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत संघसूचीच्या आठव्या नोंदीत तिचा उल्लेख आहे; तिच्या नोकरांना संघटना करता येऊ नये यासाठी १९८५ चा एक कायदाही आहे; परंतु तिने काय करावे, कोणाच्या हुकमाने करावे आणि चुकल्यास कोणापुढे उभे राहावे हे सांगणारा कायदा संसदेने आजतागायत केलेला नाही. २०११ मध्ये मनीष तिवारी यांनी असे एक खाजगी विधेयक मांडले होते. ते तसेच विरून गेले. धनी बदलला, पण कबुलायत जुनीच राहिली, असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे होणार नाही.

दिल्लीची गोष्ट दिल्लीला. आपल्या अखत्यारीतील गोष्ट निराळी आहे, कारण पोलीस हा विषय राज्यसूचीच्या दुसऱ्या नोंदीतला, आणि राज्य गुप्तवार्ता विभाग हा पोलिसांचाच एक हात. या हाताची सर्वांत शेवटची, म्हणजे आमच्यासारख्यांना प्रत्यक्ष दिसणारी बोटे कोणती, तर प्रत्येक पोलीस ठाण्यात ‘गोपनीय’चे काम पाहणारा अंमलदार. या माणसाविषयी थोडे सविस्तर लिहिण्याची परवानगी असावी. तालुक्याच्या गावी ज्याला ओळखत नाही असा मनुष्य विरळा, तो म्हणजे हा गोपनीयचा हवालदार. साध्या वेशात असतो, पण पायांतील बूट आणि बगलेतील डायरी यांवरून शाळकरी पोरदेखील त्याला हेरते. पासपोर्टची चौकशी तोच करतो, मोर्चात किती माणसे आली हे तोच मोजतो, यात्रेत कोणते दोन गट एकमेकांकडे वाकड्या नजरेने पाहतात हे त्यालाच प्रथम उमगते, आणि खरे सांगायचे तर त्याच्यापाशी जी माहिती असते ती पुष्कळदा मंत्रालयातील कोणत्याही यंत्रात मिळणार नाही अशी असते.

मी काही वर्षे एका लहानशा व्याख्यानमालेचा कार्यवाह होतो. दर वर्षी मालेच्या आदल्या दिवशी एक गोपनीयचे गृहस्थ येत, चहा घेत, आणि वक्त्यांची नावे लिहून घेत. एके वर्षी एका व्याख्यात्याचा विषय जरा वादाचा होता. गृहस्थांनी डायरी उघडली आणि अत्यंत अदबीने विचारले, “सर, हे नेमकं कशावर बोलणार, काय लिहू?” मी सांगितले, “लिहा, सामाजिक प्रबोधन.” त्यांनी लिहिले. मग म्हणाले, “तणावाची शक्यता?” मी म्हणालो, “नाही.” त्यांनी तेही लिहिले, बशीतला उरलेला चहा संपविला आणि गेले. त्या रात्री माझ्या ध्यानात आले की माझ्याविषयीचा राज्याचा गुप्त अहवाल मी स्वतःच सांगून लिहविला होता. सुदैवाने मी सत्य सांगितले होते; पण मी सत्य सांगितले की नाही हे पाहण्याची वरच्या कोणालाही सवड असती असे वाटत नाही. पुढे हे गृहस्थ निवृत्त झाले आणि श्रोते म्हणून आमच्याच मालेला येऊ लागले. एकदा मी त्यांना सहज विचारले की, तुमच्या एवढ्या वर्षांच्या अहवालांपैकी किती खरे निघाले, किती खोटे, असे वरून कधी कोणी विचारले काय? ते हसले. “उशीर का झाला एवढंच विचारायचे,” ते म्हणाले.

कौटिल्याने हेरांविषयी जे नियम घालून दिले त्यांत एक असा आहे की परस्परांना न ओळखणारे तिघे जण एकच वार्ता देतील तेव्हाच ती ग्राह्य धरावी, आणि ज्यांची बातमी वारंवार चुकते त्यांना दूर करावे. म्हणजे बातमी आणणे हे काम जेवढे जुने, तेवढेच बातमीची रुजुवात घेणे हेही जुनेच. शिवकालात अष्टप्रधानांपैकी मंत्री, म्हणजे वाकनीस, यांच्याकडे खबरींचे दफ्तर असे. दत्ताजी त्रिंबक हे त्या पदावर होते. १६७९ साली जालन्याची पेठ मारून महाराज परतत असता मोगली फौजेने त्यांना संगमनेरच्या बाजूस गाठले, सिधोजी निंबाळकर पडले, आणि त्या बिकट प्रसंगी बहिर्जी जासुदाने रात्रंदिवस आडवाटेने चालवून सर्वांना आमच्याच अकोले तालुक्यातील पट्टा किल्ल्यावर सुखरूप पोहोचविले, हे सभासदाच्या बखरीवरून प्रसिद्ध आहे. त्या किल्ल्यास विश्रामगड हे नाव पडले ते त्यामुळेच. बहिर्जींच्या नावाने आज आपण व्याख्याने देतो, पण एक साधी गोष्ट विसरतो. बहिर्जी चुकले असते तर त्याची शिक्षा स्वतः बहिर्जींना आणि त्यांच्यामागून चालणाऱ्या धन्याला, दोघांनाही त्याच वाटेवर मिळाली असती. आजच्या व्यवस्थेत वार्ता देणारा, वार्ता पुढे रवाना करणारा आणि वार्तेच्या अभावी मरणारा या तीन व्यक्ती एकमेकींपासून इतक्या दूर आहेत, की चूक कोठे झाली हे शोधण्यासाठी समिती नेमावी लागते.

अशी एक समिती महाराष्ट्राने नेमली, आणि तिची हकीकत माझ्या मते प्रत्येक आमदाराने अभ्यासावी अशी आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री समुद्रमार्गाने आलेल्या दहा जणांनी मुंबईत जे केले त्यात १६६ माणसे प्राणास मुकली. ३० डिसेंबर २००८ रोजी राज्य शासनाने दोन सदस्यांची उच्चस्तरीय चौकशी समिती नेमली. अध्यक्ष राम प्रधान, केंद्राचे माजी गृहसचिव, सदस्य व्ही. बालचंद्रन, मूळचे महाराष्ट्राच्याच पोलीस सेवेतले आणि पुढे देशाबाहेरची हेरगिरी पाहणाऱ्या ‘रॉ’मध्ये विशेष सचिवपदापर्यंत गेलेले. यांहून अधिक जाणती जोडी शोधून सापडली नसती. त्यांनी वेळ दवडला नाही. एप्रिल २००९ मध्ये अहवाल सादर झाला. त्याच्यातील ज्या भागाची वर्तमानपत्रांनी चर्चा केली तो तत्कालीन पोलीस आयुक्तांच्या नेतृत्वाविषयीचा होता, कारण दोष एका माणसाच्या पदरात घातला की वाचकांना आणि सरकारला, दोघांनाही हायसे वाटते. पण माझ्या दृष्टीने खरा मौल्यवान भाग दुसराच आहे. केंद्राकडून आलेले इशारे, ज्यांत सागरी मार्गाचा आणि मोठ्या हॉटेलांचाही उल्लेख होता, ते शासनाच्या पातळीवर कसे हाताळले गेले हे समितीने पाहिले, आणि तेथे तिला पूर्ण गोंधळ आढळला. इशारा येत होता, आवक बारनिशीत चढत होता, जावकीतून पुढे जात होता, आणि त्याबरोबर त्याच्याविषयीची जबाबदारीही पुढे जात होती. अनेक सुट्या इशाऱ्यांना एका ठिकाणी मांडून, त्यांची संगती लावून, ‘यावरून काय निघते?’ असा प्रश्न विचारणारी खुर्ची मंत्रालयात नव्हती. वार्तेची टंचाई नव्हती, सभापती महोदय, वाचणाऱ्याची होती.

आता या समितीच्या मर्यादा पाहाव्यात. ती राज्याने नेमलेली, म्हणून केंद्राच्या संस्थांना प्रश्न विचारण्याचा अधिकार तिला नव्हता. ज्यांचे आयुष्य ‘रॉ’मध्ये गेले ते बालचंद्रनही ‘रॉ’च्या दाराशी अधिकृतपणे जाऊ शकत नव्हते. नदीला पूर का आला याची चौकशी करावयाची, पण घाटमाथ्यावर पाऊस किती पडला ते विचारावयाचे नाही, अशातला हा प्रकार झाला. केंद्राने आपल्या बाजूने अशी एकत्रित, जाहीर तपासणी केली नाही. शिवाय अहवाल आला तो एप्रिलमध्ये, आणि ज्या हेडलीने मुंबईत अनेक खेपा करून हल्ल्याची ठिकाणे पाहून ठेवली होती तो शिकागोत पकडला गेला तो ऑक्टोबरमध्ये. नवी माहिती उजेडात आली म्हणून समितीला पुन्हा पाचारण झाले नाही. आणि विधिमंडळाला हा अहवाल कसा मिळाला? जून २००९ मध्ये सरकारने सभागृहापुढे ठेवला तो केवळ कृती अहवाल. म्हणजे वैद्याने काय निदान केले ते न सांगता औषधाची यादी वाचून दाखविली. मूळ अहवाल आधी वर्तमानपत्रांच्या हाती लागला आणि मग, डिसेंबरात, नागपूरच्या अधिवेशनात सभागृहाच्या पटलावर आला. ज्या सभागृहाने समितीचा खर्च मंजूर करावयाचा, त्याने तिचे म्हणणे सकाळच्या चहाबरोबर वाचावे, यात सभागृहाचा जो अधिक्षेप आहे तो मला एका नागरिकाला खटकतो. तो आपणास किती खटकत असेल!

शासनाच्या मर्जीवर चालणाऱ्या चौकशीचे प्राक्तन कसे असते याचा आणखी एक दाखला महाराष्ट्रातच आहे. मुंबईच्या दंगलींविषयीचा न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोग जानेवारी १९९३ मध्ये नेमला गेला, जानेवारी १९९६ मध्ये एका सरकारने गुंडाळला, त्याच वर्षी पुन्हा जिवंत केला, आणि अखेर फेब्रुवारी १९९८ मध्ये त्याचा अहवाल आला. जी तपासणी हुकमाने जन्मते ती हुकमाने मरूही शकते.

याबाबतीत आपल्या मराठी माणसाचे एक उदाहरण मला नेहमी दुहेरी वाटते. १९६२ च्या पराभवानंतर हेंडरसन ब्रुक्स आणि भगत या दोन सेनाधिकाऱ्यांनी जो अहवाल दिला, त्याचा सारांश २ सप्टेंबर १९६३ रोजी लोकसभेत सांगण्याचे काम संरक्षणमंत्री या नात्याने यशवंतराव चव्हाणांकडे आले. वार्ता मिळविण्याचे काम समाधानकारक नव्हते, ती संथपणे मिळत होती आणि मोघमपणे कळविली जात होती, हे त्यांनी भर सभागृहात कबूल केले. आणि त्याच वेळी अहवाल मात्र सभागृहापुढे ठेवण्यास नकार दिला. त्या क्षणी, चिनी सैन्य सीमेवर असता, तो नकार समर्थनीय होता असे मी मानतो. पण २००९ मध्ये, म्हणजे ४६ वर्षांनीही, केंद्रीय माहिती आयोगाने तो अहवाल देता येणार नाही असाच निर्वाळा दिला. ज्या चौक्या पडल्या, ज्यांनी पाडल्या आणि ज्यांनी सोडल्या ते सारे काळाच्या पडद्याआड गेले असता त्या कागदाचे रक्षण आपण कोणापासून करीत आहोत? याउलट कारगिलनंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली जुलै १९९९ मध्ये जी समिती बसली तिचा अहवाल, संवेदनशील मजकूर गाळून, फेब्रुवारी २००० मध्ये संसदेपुढे आला आणि पुस्तकरूपाने विकतही मिळू लागला. त्यामुळे देशाचे काही नुकसान झाल्याचे ऐकिवात नाही. उलट त्याच्या पाठोपाठ २००२ मध्ये तिन्ही सेनादलांसाठी संरक्षण गुप्तवार्ता संस्था आणि २००४ मध्ये तांत्रिक टेहळणीची वेगळी संघटना उभी राहिली. आणीबाणीनंतर शाह आयोगाच्या जोडीला गुप्तवार्ता संस्थेच्या गैरवापराची छाननी करणारी एल. पी. सिंग समिती बसली होती, हे तर आता फारसे कोणाच्या स्मरणातही नाही. तिचा अहवाल प्रसिद्धच झाला नाही.

या साऱ्यातून माझे जे म्हणणे निघते ते थोडक्यात सांगतो. वार्ता कोणी आणली आणि कशी आणली, हे गुपित आहे आणि ते राहिलेच पाहिजे. त्यावर एखाद्या गरीब माणसाचा जीव अवलंबून असतो. परंतु वार्ता चुकली, पोहोचली नाही, अथवा भलत्याच माणसाच्या मागे लावली गेली, हे गुपित नव्हे, तो दोष आहे. आणि आपल्याकडे दुसरी गोष्ट पहिलीच्या आडोशाला जाऊन बसली आहे. गोपनीयतेच्या एकाच शिक्क्याखाली खबऱ्याचे नाव आणि अधिकाऱ्याची हयगय एकाच बस्त्यात बांधून ठेवल्या जातात.

हयगयीपेक्षाही वाईट गोष्ट म्हणजे गैरवापर. दूरध्वनी चोरून ऐकण्याचा अधिकार निरंकुश असू नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये दंडक घालून दिले, आणि त्यांना अनुसरून नियम झाले: गृहसचिवांनी हुकूम काढावा, त्याची मुदत साठ दिवस, वाढवीत नेली तरी एकशे ऐंशीच्या पुढे नाही, आणि त्या हुकमांची छाननी एका समितीने करावी. राज्यात या समितीवर कोण, तर मुख्य सचिव, विधी खात्याचे सचिव आणि गृहखात्याबाहेरचा आणखी एक सचिव. २०२४ च्या डिसेंबरात नवे नियम आले तरी सांगाडा हाच राहिला. तिघेही शासनाचेच सेवक, आणि ज्यांच्या सहीची छाननी करावयाची तेही. दोन महिन्यांनी भरणाऱ्या एका बैठकीत ते किती हुकूम वाचत असतील, आणि आजवर त्यांनी किती रद्द केले असतील, हे सभागृहास कधी सांगण्यात आले आहे काय? ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने केंद्राचे असे तीन हुकूम बेकायदा ठरवून ध्वनिमुद्रणे नष्ट करण्यास सांगितले. म्हणजे समितीच्या चाळणीतून जे निसटले ते न्यायालयात अडकले, तेही संबंधित माणसाला सुदैवाने पत्ता लागला म्हणून. आपल्याच राज्यात लोकप्रतिनिधींचे दूरध्वनी ऐकले गेल्याच्या आरोपावरून २०२२ मध्ये गुन्हे नोंदले गेले आणि २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने ते रद्द केले. त्या प्रकरणात कोण खरा, कोण खोटा याच्याशी मला कर्तव्य नाही, आणि ज्यांच्यावरील गुन्हे रद्द झाले त्यांच्याविषयी संशयाने बोलणे अनुचित होईल. माझे कुतूहल निराळे आहे. एक सरकार म्हणते गुन्हा झाला, दुसरे म्हणते खटला नको, आणि या दोहोंच्या दरम्यान मूळ कार्यपद्धती बरोबर होती की चूक, हे कोणत्याही पक्षाचे नसलेल्या कोणी तरी पाहिले काय?

यावर नेहमीचा आक्षेप येईल की लोकप्रतिनिधींच्या हाती असले कागद दिले तर ते संध्याकाळपर्यंत वाहिन्यांवर दिसतील. आक्षेप पोकळ नाही. प्रधान अहवाल फुटला होता, हे मी वर नमूद केलेच आहे, फक्त तो विधिमंडळाच्या हातून फुटला नव्हता, कारण विधिमंडळाच्या हाती तो नव्हताच. इतर देशांनी या अडचणीतून वाट काढली आहे. ऑस्ट्रेलियात १९७४ साली न्यायमूर्ती होप यांच्या आयोगापासून ही परंपरा सुरू झाली. २००४ पासून तर दर सहा-सात वर्षांनी, काही अघटित घडले नसले तरी, दोन जाणत्या माणसांकडून साऱ्या गुप्तवार्ता संस्थांची तपासणी करून घेतात. २०११, २०१७ आणि २०२४ या तिन्ही वेळी तसे झाले. अहवालाच्या दोन प्रती होतात: एक पूर्ण, ती मंत्रिमंडळाकडे, दुसरी गाळीव, ती कोणीही वाचावी. ब्रिटनमध्ये १९९४ च्या कायद्याने खासदारांची समिती बसली. इराकच्या युद्धानंतर लॉर्ड बटलर यांनी २००४ मध्ये जे दाखवून दिले ते आमच्या हवालदाराच्या डायरीहून फारसे भिन्न नव्हते: खालून येताना वार्तेला ‘कदाचित’, ‘असे कळते’ अशी जी शेपटे होती, ती वर पोहोचेपर्यंत गळून पडली आणि उरले ते निखळ विधान. अमेरिकेच्या सिनेटने फ्रँक चर्च यांच्या नेतृत्वाखाली १९७५ मध्ये स्वतःच्या हेरखात्यांची जी झडती घेतली, तिच्यामुळे त्या देशाची हेरखाती बंद पडली नाहीत. आपली तेवढी का बंद पडावीत?

तेव्हा मागणे असे आहे. दोन्ही सभागृहांतील सर्व पक्षांच्या मोजक्या, पाच-सात ज्येष्ठ सदस्यांची एक संयुक्त समिती असावी, लोकलेखा समितीप्रमाणे जिचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे राहील. सदस्यांनी गोपनीयतेची शपथ घ्यावी. आणि विधानसभेच्या प्रत्येक कार्यकाळात निदान एकदा त्या समितीने राज्य गुप्तवार्ता विभागाची पाहणी करावी. खबऱ्यांची नावे तिने विचारू नयेत, चालू मोहिमांत डोकावू नये. परंतु वर्षभरात किती इशारे आले, किती वाचले गेले, किती खरे ठरले; गोपनीयच्या अंमलदारांना शिक्षण कोणते मिळते; छाननी समितीच्या बैठका झाल्या की कागदोपत्री झाल्या; आणि गुप्त सेवेचा जो पैसा पावतीऐवजी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावर खर्ची पडतो तो कशावर पडला, एवढे तिने खुशाल विचारावे. प्रधान समितीच्या कोणत्या शिफारशींची अंमलबजावणी झाली आणि कोणत्या कृती अहवालातच विसावल्या, हा तिचा पहिला विषय असावा.

असा ठराव आपण स्वतः मांडू शकत नाही, अध्यासनाची ती मर्यादा मी जाणतो. पण प्रश्न, लक्षवेधी सूचना आणि ठराव दाखल करून घ्यावे की नाही हे ठरविण्याचा अधिकार आपला आहे, आणि ‘सदर बाब गोपनीय स्वरूपाची आहे’ या पाच शब्दांवर आजवर कित्येक प्रश्नांची बोळवण झाली असेल. वार्तेच्या उगमाविषयीचा प्रश्न आणि वार्तेच्या व्यवस्थेविषयीचा प्रश्न या दोहोंत आपण एकदा अध्यासनावरून भेद केला, आणि दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नास ते पाच शब्द हे उत्तर पुरेसे नाही असा निर्णय दिला, तर पुढच्या सभापतींना तो पायंडा म्हणून उपयोगी पडेल. २००२ चा महाराष्ट्राचा माहिती अधिकार कायदा ज्या राळेगणसिद्धीच्या रेट्याने झाला ते गावही आमच्याच पारनेर तालुक्यात आहे. पुढे २००५ च्या केंद्रीय कायद्याच्या कलम २४ ने गुप्तवार्ता संस्थांना त्यातून वगळण्याची मुभा ठेवली, तीही भ्रष्टाचाराच्या आणि मानवी हक्कभंगाच्या आरोपांचा अपवाद करून. नागरिकाला जे दार बंद आहे ते त्याच्या प्रतिनिधीलाही बंद असावे, असे त्या कायद्यात कोठेही म्हटलेले नाही.

या पत्रातील मागणी नियमास धरून अर्जाच्या रूपात लिहून काढली असून, ती विनंती अर्ज समितीपुढे यावी यासाठी जिल्ह्यातील एखाद्या सन्माननीय सदस्याची सही मिळविण्याच्या खटपटीत मी आहे. पहिल्या दोघांनी विषय उत्तम असल्याचे सांगून पुढच्या आठवड्यात येण्यास सांगितले. तिसऱ्यांकडे सोमवारी जावयाचे आहे. सही मिळाली की मूळ अर्ज टपालाने रवाना करीन. प्रधान समितीचा अहवाल सभागृहाच्या ग्रंथालयात असेलच. तेवढा एकदा आपण मागवून घ्यावा, आणि इशाऱ्यांच्या हाताळणीविषयीचा भाग आधी वाचावा, अशी विनंती आहे.



आपला नम्र,
अहिल्यानगर येथील एक नागरिक